नववी-दहावीच्या मुलांना मोबाइलवर फोटोग्राफी शिकवायची, तर सुरुवात कुठून करावी?

ठाण्यातल्या तुमच्या सोसायटीत सुट्टीत वर्ग घ्यायचाय, मुलांकडे कॅमेरे नाहीत, फक्त मोबाइल, असं तुम्ही लिहिलंय. मी घोडबंदर रोडला असे वर्ग घेतो. माझं ऐकाल तर सुरुवातीला मुलांना तलावपाळीवर नेऊच नका. तिथल्या मासुंदा तलावाचा सूर्यास्त सगळ्यांचा सारखाच येतो. ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो लांब असतात आणि साध्या मोबाइलचा झूम म्हणजे नुसती कातरण. हाती येतात गुलाबी ठिपके.

त्यापेक्षा सांगा, घरात कोणी टाकू देत नाही अशी एक वस्तू शोधा आणि ती का टाकत नाहीत ते फोटोंतून दाखवा. आधी ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ होतं. मग कोणाच्या तरी कपाटातून आजोबांचं ओळखपत्र निघतं, वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कारखान्याचं.

तंत्र त्यातूनच येतं. एका मुलीने वस्तूऐवजी पहाटे डबा करणारी आई टिपायचं ठरवलं. कमी उजेडात मोबाइल शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, त्यामुळे पोळी लाटणारे हात पुसट आले. ती वैतागली. प्रो मोडमध्ये (यात शटरचा वेग आपण ठरवतो) शटर १/१०० सेकंदावर नेलं तर हात स्पष्ट, पण आयएसओ (उजेडाला दिलेली संवेदनशीलता) वाढल्याने फोटो दाणेदार. (१/१०० अशासाठी की आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर याहून वेगवान असेल तर कधीकधी फोटोत पट्टे उमटतात.) शेवटी तिने पुसटच फोटो ठेवला. म्हणाली, आईला लोकल गाठायची असते, तिचे हात मला असेच दिसतात. रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवणं) वगैरे नंतर शिकवा, काही बिघडत नाही.

निवड मोबाइलवर नको, मुलं अंगठ्याने नुसती सरकवत राहतात. ४ बाय ६ चे प्रिंट काढून जमिनीवर पसरा, पाचच ठेवायला लावा, क्रमही त्यांनाच लावू द्या. मग मागे स्वतःच्या शब्दांत दोन ओळी.

माणसं कशी टिपावीत यासाठी छायाचित्रकार सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रं दाखवा.

एक मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. घरच्या माणसाने पाहून हो म्हटल्याशिवाय त्याचा फोटो वर्गातही दाखवायचा नाही, इन्स्टावर तर नाहीच. या वयात मुलं घरातली भांडणंसुद्धा टिपून आणतात. तसा फोटो आला तर कोन-प्रकाशावर बोलू नका, मुलाला बाजूला घेऊन ऐका. म्हणूनच बॅच आठ-दहा जणांचीच घ्या.