मुलाच्या हॉलमधली दुकानाची ट्रॉली आणि दुधाचे क्रेट: कॅलिफोर्नियाचा कायदा

नमस्कार ताई. तुमचा मुलगा सॅन होजेत एमएस करतोय. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला त्याच्या हॉलमध्ये धुवायच्या कपड्यांनी भरलेली सुपरमार्केटची ट्रॉली दिसली, टीव्हीही दुधाच्या दोन क्रेटवर ठेवलेला. तो म्हणतो, "इथे सगळेच आणतात." हा गुन्हा आहे का, व्हिसाला धोका आहे का, आणि परत ठेवायला गेला तर पकडतील का, हे तुम्ही विचारलंय. मी वकील नाही. पण बे एरियातल्या, म्हणजे सॅन होजे-सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या, एका किराणा दुकानाचे हिशेब बरीच वर्षं सांभाळते आणि हरवलेल्या ट्रॉल्यांचा खर्च माझ्याच खात्यात पडतो, त्यामुळे हा विषय जवळचा आहे.

गुन्हा आहे. सगळेच आणतात हेही खरं आहे. दुकानाजवळच्या अपार्टमेंटांच्या कचराकुंडीशेजारी दोन-तीन ट्रॉल्या कायम उभ्या असतात.

कॅलिफोर्नियात यासाठी वेगळा कायदा आहे. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोड, म्हणजे राज्याच्या व्यवसायविषयक कायद्यांच्या संग्रहाचं २२४३५ हे कलम आणि त्याची पोटकलमं. ट्रॉलीवर कायमची पाटी हवी: मालक कोण, बाहेर न्यायची असेल तर परवानगी कशी घ्यायची, विनापरवाना नेणं हा राज्याच्या कायद्याचा भंग आहे, आणि परत करायला फोन किंवा पत्ता. ही पाटी असेल तर ट्रॉली पार्किंगच्या हद्दीबाहेर नेणं, बाहेर जवळ बाळगणं, कुठेतरी सोडून देणं, तिच्यावरचे नंबर खोडणं, हे सगळं मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ पण फौजदारी गुन्हा. मुलाला हँडल किंवा लहान मुलांच्या बैठकीची फळी बघायला सांगा, बहुतेक तिथेच पाटी सापडेल.

आता मुलं हमखास देतात ते उत्तर: "आम्ही चोरली कुठे, परत नेऊन ठेवणारच होतो." साध्या चोरीच्या खटल्यात या म्हणण्याला वजन असतं, कारण तिथे वस्तू कायमची हडपण्याचा हेतू लागतो. पण हा कायदा लिहिणाऱ्यांना हे उत्तर आधीच माहीत असावं. कलमात स्पष्ट लिहिलंय, मालकाला "तात्पुरतं किंवा कायमचं" वंचित ठेवण्याचा हेतू. त्यामुळे सामान घरी पोचवून उद्या परत आणू, या विचाराने नेलेली ट्रॉलीही कायद्यात बसते. दुकानाने लेखी परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी, पण तशी कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

इतका कडक कायदा एका जाळीच्या गाडीसाठी कशाला, असं वाटेल. एक ट्रॉली साधारण शंभर ते अडीचशे डॉलरला पडते, आणि हा फक्त दुकानाचा तोटा झाला. सोडलेल्या ट्रॉल्या फुटपाथवर येतात, नाल्यात जातात. सॅन होजेच्या कोयोटी क्रीकमधून स्वयंसेवक त्या ओढून काढतात. म्हणून कायदा दुकानदारालाही सोडत नाही. शहराच्या प्रशासनाने ट्रॉली उचलून नेली की मालकाला कळवतात. ती सोडवून न्यायला तीन कामाचे दिवस मिळतात. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा ही मुदत चुकली तर पुढच्या प्रत्येक वेळेला ५० डॉलरपर्यंत दंड, आणि तीस दिवसांत कोणी नेली नाही तर शहर ती विकू शकतं. मग दुकानं ट्रॉल्या गोळा करून आणणाऱ्या कंपन्यांना पैसे देतात, किंवा कुलूपवाली चाकं बसवतात. पार्किंगच्या कडेने जमिनीखाली तार पुरलेली असते, तिच्या संदेशाने चाक अडकतं. नवीन मुलं जोर लावून ती ट्रॉली फरफटत नेतात, चाक झिजून चपटं होतं आणि तो खर्चही आमच्याच माथी. (ऑल्डीसारख्या दुकानांत पाव डॉलरचं नाणं घालून ट्रॉली सुटते. ते भाडं नसतं, अनामत असते. हा गैरसमजही मी ऐकलाय.)

क्रेटकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही, आणि मला ते जास्त खटकतं. आपल्याकडे दुधाचा क्रेट म्हणजे चहाच्या टपरीवरचं स्टूल, म्हणून त्यात काही वावगं वाटत नाही. इथे डेअऱ्या आपला शिक्का सरकारदरबारी नोंदवतात. तसा नोंदलेला शिक्का असलेला क्रेट विनाअधिकार जवळ बाळगणं किंवा वापरणं हाच पीनल कोडच्या, म्हणजे राज्याच्या दंडसंहितेच्या ५६५ कलमाखाली मिसडिमीनर आहे: एक हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत काउंटी तुरुंग, किंवा दोन्ही. "रस्त्यावर पडलेला मिळाला" म्हणून क्रेट आपला होत नाही. तसेच दिसणारे कोरे प्लॅस्टिकचे क्रेट दुकानात थोड्या डॉलरना मिळतात, ते आणावेत.

प्रत्यक्षात कोणी घरात शिरून ट्रॉली शोधत नाही. पोलिसांनी रस्त्यात हटकलं तरी बहुतेक वेळा "परत ठेव" एवढंच ऐकायला मिळतं. पण "बहुतेक वेळा" हे नागरिकाला पुरतं, एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला पुरत नाही. व्हिसाचा डीएस-१६० अर्ज अटक झाली होती का हे विचारतो, नुसती शिक्षा नव्हे. प्रकरण पुढे मिटलं तरी उत्तर "हो" असंच लिहावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंदी जुन्या, किरकोळ पोलीस प्रकरणांवरून अचानक बंद झाल्या होत्या. विद्यार्थी कोर्टात गेले तेव्हा सरकारने त्या परत सुरू केल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने चोरीमुळे व्हिसा रद्द होऊ शकतो असं जाहीरपणे बजावलं. ट्रॉलीमुळे कोणाला परत पाठवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण दोनशे डॉलरच्या लोखंडासाठी ही शक्यता कशाला अंगावर घ्यायची?

आता करायचं काय. पाटीवरच्या नंबरला फोन करून "अमुक पत्त्यावर तुमची ट्रॉली आहे" असं सांगावं, माणूस येऊन घेऊन जातो. असे फोन आमच्या दुकानातही येतात, कोणी नाव विचारत नाही. दिवसाउजेडी स्वतः दुकानात नेऊन दिली तरी चालेल. ट्रॉली परत आणणाऱ्याला आम्ही "थँक यू"च म्हणतो. रात्री गुपचूप दुसऱ्या सोसायटीच्या दारात ढकलून येऊ नये, कारण सोडून देणं हेही त्याच कलमात आहे. क्रेट ज्या दुकानामागून उचलले तिथेच ठेवून यावेत. सामानासाठी घडीची दोन चाकांची गाडी तीस-चाळीस डॉलरला मिळते. आजीबाईंची गाडी म्हणून मुलं लाजतात, पण बसमध्ये चढवता येते.

आणि समजा कधी पोलिसांनी हातात कागद ठेवलाच, तर तो पार्किंगच्या दंडासारखा ऑनलाइन भरून मोकळं व्हायचा कागद नव्हे. त्यावर कोर्टाची तारीख असते, ती चुकवणं हा वेगळा गुन्हा. गुन्हा कबूल करण्याआधी फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही समजणाऱ्या वकिलाला दाखवावा, कारण कबुली कोणत्या कलमाखाली दिली यावर पुढे बरंच अवलंबून असतं.