एका थराचं चुंबक टिकतं कसं?

तुम्ही पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करताय आणि विचारलंय: मर्मिन-वॅगनर प्रमेय (१९६६) दोन मितींत चुंबकत्व नाही म्हणतं, मग २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर ४५ केल्विनपर्यंत लोहचुंबक कसा राहिला? प्रमेय चुकलं का?

नाही. त्याची अट पुन्हा वाचा. स्पिनला, म्हणजे प्रत्येक अणूच्या इवल्याशा चुंबकाला, सगळ्या दिशा (किंवा निदान एका प्रतलातल्या सगळ्या दिशा) सारख्याच असतील, तरच ते लागू होतं.

एखादा स्पिन एकट्याने उलटवणं महाग पडतं. पण भोवऱ्यांच्या रांगेसारखे सगळेच जरासे डोलले, प्रत्येक जण शेजाऱ्याच्या किंचित मागे, तर फार थोड्या ऊर्जेत भागतं. लाट जितकी लांब, तितकी स्वस्त. या लाटेचा एक पुंज म्हणजे मॅग्नॉन, आणि प्रत्येक मॅग्नॉन एकूण स्पिनमधून एक एकक वजा करतो. दोन मितींत तळाच्या ऊर्जांना अवस्थांची घनता (ऊर्जेच्या दर एककामागे किती लाटा बसतात ते) स्थिर असते आणि मॅग्नॉनची संख्या तापमान भागिले ऊर्जा अशी वाढते. संकलन (इंटिग्रेशन) करा: शून्य ऊर्जेपाशी ते लॉगॅरिदमने अनंताला जातं. चुंबकत्व बुडतं ते इथेच.

आता आयोडीन आठवा. जड अणू, स्पिन-कक्षा युग्मन (स्पिन आणि इलेक्ट्रॉनच्या कक्षेची सांगड) जबर. क्रोमियमच्या स्पिनांमधला संवादही त्याच्यामार्फतच होतो. त्यामुळे स्पिनांना थराला लंब दिशा जवळची वाटते आणि सर्वात स्वस्त मॅग्नॉनलाही किमान ऊर्जा मोजावी लागते. जाड स्फटिकावरच्या न्यूट्रॉन मोजणीत ही किमान ऊर्जा, म्हणजे दरी, साधारण ०.४ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट निघाली. ४५ केल्विनची औष्णिक ऊर्जा मात्र जवळजवळ ३.९! दहापट लहान दरी पुरते कशी, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. उत्तर त्या लॉगॅरिदममध्येच आहे: अनंत इतकं हळू येतं, की छोटासा बांधही त्याला अडवतो.

मोजणीबद्दल थोडक्यात. न्यूट्रॉन मोजणीला नमुना भरपूर वस्तुमानाचा लागतो, मायक्रॉनभर पापुद्र्यावर ती कुचकामी. तिथे रामन प्रकीर्णन (विखुरलेल्या प्रकाशाची बदललेली ऊर्जा मोजणं), किंवा २०१८ मध्ये केलं तसं इलेक्ट्रॉनचं टनेलिंग (पातळ थरातून इलेक्ट्रॉन आरपार जाणं). नमुना दमट हवेत लगेच खराब होतो, म्हणून काम ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीत) आणि वर बोरॉन नायट्राइडचं आवरण.

पाषाणला आयसरमध्ये सेमिनार ऐकण्याआधी हे संकलन स्वतःच्या हाताने करा. आधी तीन मितींत, म्हणजे ब्लॉखचा नियम मिळेल: चुंबकत्वातली घट तापमानाच्या तीन-द्वितीयांश घाताने. मग दोन मितींत, दरी शून्य ठेवून. मग दरी घालून. अडलात तर कुठल्या ओळीवर ते इथे लिहा, मी बघतो.