इट्रुस्कन स्कॅरॅबची अंगठी: आधी भुंगा पाहा, चित्र नंतर

प्रश्न असा आहे: "युरोपातल्या एका लिलावाच्या यादीत 'इट्रुस्कन कार्नेलियन स्कॅरॅब, सोन्याच्या फिरत्या अंगठीत, इ.स.पू. 5वे शतक' अशी नोंद पाहिली. हा प्रकार नेमका काय असतो? इतक्या कडक दगडावर तेव्हा कोरत कसे? आणि अंगठी अस्सल आहे का, हे कशावरून ठरवायचं?"

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ही दिसायला एक वस्तू असली तरी पारखायच्या वस्तू तीन आहेत: दगड, दगडाच्या कडेभोवतीचं सोन्याचं कोंदण आणि बोटात जाणारं कडं. तिन्ही वेगवेगळ्या काळातली असू शकतात. दगड अडीच हजार वर्षं जुना आणि कडं एकोणिसाव्या शतकातलं, असं खूपदा आढळतं. त्यामुळे "अंगठी खरी का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नसतं. तिन्हींची तीन उत्तरं घ्यावी लागतात.

इट्रुस्कन लोक मध्य इटलीतले, आर्नो आणि टायबर या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातले. तार्क्विनिया, वुल्ची, चेर्वेतेरी, क्युसी ही त्यांची शहरं. स्कॅरॅब म्हणजे शेणाचा गोळा ढकलत नेणारा शेणकिडा, एक प्रकारचा भुंगा. इजिप्तमध्ये तो उगवत्या सूर्याचं, खेप्री देवाचं रूप. हा आकार फिनिशियन आणि ग्रीक कारागिरांमार्फत इटलीत पोचला आणि इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात इट्रुस्कनांनी तो उचलला. ग्रीकांनी पाचव्या शतकात पाठीवरचा किडा जवळजवळ सोडून दिला आणि नुसती गुळगुळीत फुगीर पाठ ठेवली. इट्रुस्कन मात्र पुढे दोन-तीनशे वर्षं किडा कोरतच राहिले, आणि तोही मन लावून. ओळखायला हीच गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते.

रचना सोपी आहे. साधारण 1 ते 2 सेंटिमीटर लांबीचा लंबगोल दगड, बहुतेक वेळा तांबडा हकीक म्हणजे कार्नेलियन, कधी पट्ट्यांचा अकीक. वरच्या बाजूला किडा, खालच्या सपाट बाजूला खोलगट कोरलेलं चित्र, आणि डोक्याकडून शेपटीकडे आरपार भोक. भोकातून सोन्याची तार जाते आणि दगड तिच्यावर फिरतो. एरवी किडा वर, चित्र बोटाच्या बाजूला. ठसा उमटवायचा असेल तर दगड उलटा फिरवायचा. मला विचाराल तर इट्रुरियात, म्हणजे इट्रुस्कनांच्या प्रदेशात, यांचा वापर शिक्क्यापेक्षा दागिना आणि ताईत म्हणून जास्त होता. गळ्यातल्या हारातही हे स्कॅरॅब ओवलेले असत.

यादीतला फोटो बहुतेक वेळा चित्राचाच असतो. तिथे लगेच गुंतू नका. दगड आडवा धरून त्याची कड पाहा, म्हणजे किड्याचे पाय ज्या बैठकीवर टेकतात तिची उभी बाजू. ग्रीक स्कॅरॅबमध्ये ही कड सहसा कोरी असते. चांगल्या इट्रुस्कन कामात तिच्यावर नक्षी असते: तिरप्या रेघांची जाळी, किंवा ओळीने कोरलेल्या उभ्या जिभांसारखी पट्टी. ही उंची असते दोन-तीन मिलिमीटर. त्यात चहूबाजूंनी सारख्या अंतरावर रेघा पाडायच्या, तेही अंगठीत बसवल्यावर अर्ध्या सोन्याखाली झाकल्या जातील हे माहीत असताना! मग पाठ पाहा. पंखांची झाकणं जिथे सुरू होतात त्या दोन्ही खांद्यांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी छोटी खूण असते, छातीच्या पट्टीला बारीक रेघांची किनार असते, आणि पाय बैठकीपासून सुटे दिसावेत इतके खोल काढलेले असतात. नकलाकाराची मेहनत बहुतेक चित्रावर जाते, कारण गिऱ्हाईक चित्र पाहतं. पाठ बटबटीत आणि कड कोरी असली, तर यादीतला "इट्रुस्कन" हा शब्द मी तरी लगेच मान्य करणार नाही. उशिराच्या काळात मात्र अस्सल कामातही किडा घाईने उरकलेला दिसतो. तेव्हा कड आणि चित्र एकाच काळाचं बोलतात का, हे ताडून पाहायचं.

आता कोरण्याबद्दल. कार्नेलियनची कठीणता मोहस् मापावर 6.5 ते 7, लोखंडी सुरीची त्याहून कमी. म्हणजे कोरणीने हा दगड कोरलाच जात नाही, तो झिजवावा लागतो. झिजवणारा खरा पदार्थ कुरुंदाची पूड. भूमध्य समुद्राच्या परिसरात ती एजियन समुद्रातल्या नाक्सोस बेटावरून येई. हत्यार म्हणजे सुताराच्या सामत्यासारखं कमानीने फिरवायचं यंत्र आणि त्याला मऊ धातूचं टोक. टोक मऊच हवं, कारण तेल आणि कुरुंदाची पूड लावल्यावर कण त्यात रुततात आणि तेच दगड खातात. टोक कडक असेल तर कण निसटून बाजूला जातात.

टोकाचा आकार तसा खड्डा. गोल टोकाने वाटीसारखा खड्डा पडतो, पातळ चकतीने होडीच्या आकाराची रेघ पडते, मधे खोल आणि दोन्ही टोकांना निमुळती. मांडी, छाती, खांदा हे गोल टोकाचं काम. केस, बोटं, भाल्याची काठी हे चकतीचं. भिंगाखाली या खुणा वाचता येतात. चुका होतात त्या दोन ठिकाणी. तेल सुकलं की दगड तापतो आणि कडेला टवका उडतो. आणि पुडीच्या चिखलाखाली खोली दिसत नाही, म्हणून सारखं पुसून मेणात किंवा मातीत ठसा घेऊन पाहावं लागतं. एकदा जास्त खोल गेलेला खड्डा भरून काढता येत नाही.

चित्राभोवती बहुतेक वेळा बारीक तिरप्या रेघांची चौकट असते. चित्रं ग्रीक वीरकथांतली, पण नावं इट्रुस्कन उच्चाराची, आणि ती मालकाची किंवा कारागिराची नसून चित्रातल्या वीराची. त्या भाषेत ब, द, ग हे घोष उच्चार नव्हते आणि ओ हा स्वर नव्हता. म्हणून ट्युडेउसचा तुते होतो, अड्रास्टोसचा अत्रेस्थे, पोलिनायकेसचा फुल्निचे, हेराक्लीसचा हेर्क्ले, अखिलीसचा अख्ले. "इट्रुस्कन" म्हणून विकल्या जाणाऱ्या दगडावर शुद्ध ग्रीक वळणाचं नाव दिसलं तर तिथे थांबून चौकशी करा. या प्रकारातला सगळ्यात गाजलेला दगड बर्लिनच्या संग्रहालयात आहे, अठराव्या शतकातले संग्राहक श्टोश यांच्या संग्रहातला. ग्रीसमधल्या थीब्स शहरावर चालून गेलेल्या सात वीरांपैकी पाच जण, तिघे बसलेले आणि दोघे शस्त्रं घेऊन उभे, प्रत्येकाच्या शेजारी नाव. हे सगळं बोटाच्या नखाएवढ्या जागेत! जर्मन कला-अभ्यासक विंकेलमान यांनी 1760 मध्ये या संग्रहाची यादी छापली आणि तेव्हापासून अभ्यासक या दगडाबद्दल लिहीत आहेत.

इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकात एक वेगळीच शैली आली. इटालियनमध्ये तिला 'आ ग्लोबोलो' म्हणतात, म्हणजे गोळ्यागोळ्यांची. गोल टोकाने पाडलेल्या वाट्या तशाच ठेवायच्या, एकमेकींत मिसळायच्या नाहीत. डोकं एक गोळा, गुडघा एक गोळा, घोड्याचा पुठ्ठा एक मोठा गोळा. मडक्यांच्या तराफ्यावर बसलेला हेर्क्ले या शैलीत वारंवार भेटतो. हे काम अनेकांना अर्धवट किंवा भिकार वाटतं. मला ते अजिबात भिकार वाटत नाही. ठसा घेऊन पाहिलं की माणूस धावतोय हे चार-पाच गोळ्यांत कळतं. पण काम कमी म्हणून नकला जास्त, हेही खरं.

भोक हा दुसरा मोठा साक्षीदार. दगड एकाच बाजूने आरपार भोसकला तर बाहेर पडताना शंकूसारखा टवका उडतो. म्हणून दोन्ही टोकांकडून भोक पाडून मधे गाठ घालत. दोन्ही भोकं क्वचितच अगदी एका रेषेत येतात, मधे बारीकशी पायरी राहते. बारीक दिवा लावून आत पाहा. पायरी दिसली तर चांगली खूण. टोकापासून टोकापर्यंत सरळसोट, एकसारख्या व्यासाचं, आत गोल गोल समान रेघांचं भोक असेल तर ते यंत्राच्या हिऱ्याच्या सुईचं असण्याची शक्यता जास्त. भोकाच्या तोंडाशी तारेने वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली जागाही शोधा. झीज फक्त जिथे बोट आणि तार लागते तिथेच असायला हवी. खड्ड्यांच्या तळाशीही तेवढीच झीज असेल तर दगड मुद्दाम वाळूत घोळवून "म्हातारा" केलेला असतो.

सोन्याकडे वळू. फिरत्या अंगठीचं कडं मधे जाड आणि टोकांना निमुळतं असतं. टोकांवर छोट्या टोप्या किंवा चकत्या, त्यातून निघालेली तार दगडातून जाते आणि कड्याच्या पलीकडच्या खांद्यावर चार-सहा वेढे घेऊन संपते. वेढे शोभेचे दिसले तरी ती सोय आहे: डाक देण्याचं, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडण्याचं, सगळं काम दगड बाजूला ठेवून उरकायचं आणि दगड शेवटी थंड हातांनी, नुसती तार गुंडाळून बसवायचा. दगड आत असताना आच दिली तर तो तडकतो. तार झिजते ती भोकाच्या तोंडाशीच, त्यामुळे तार नंतर बदललेली असणं हा काही दोष नाही. विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे, एवढंच.

तार जुनी की नवी हे भिंगाने कळतं. आजची तार जंतराच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीच्या, भोकांतून ओढलेली असते, म्हणून तिच्यावर लांबीच्या दिशेने समांतर चरे दिसतात. त्या काळची तार सोन्याची पट्टी पिळून आणि लाटून केलेली, त्यामुळे तिच्यावर मळसूत्रासारखी फिरत जाणारी शिवण राहते. कोंदणावर रव्याचं काम, म्हणजे सोन्याच्या बारीक गोळ्यांची नक्षी, असेल तर दोन रव्यांच्या सांध्याकडे बघा. इट्रुस्कन रवे काही ठिकाणी 0.2 मिलिमीटरहूनही बारीक आहेत आणि ते डाकाने भरलेले दिसत नाहीत. ही पद्धत पुन्हा उलगडून दाखवली ती लिटलडेल या ब्रिटिश कारागिराने 1930च्या दशकात. तांब्याचा क्षार आणि डिंक किंवा सरस एकत्र करून रवे चिकटवायचे. आच वाढत जाते तसा क्षाराचा तांब्याचा ऑक्साइड होतो, सुमारे 600 अंश सेल्सियसला सरसाचा कोळसा होतो, 850च्या आसपास तो कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो आणि शुद्ध तांबं उरतं. 890 अंशांच्या जवळपास ते तांबं सोन्याशी मिळून फक्त स्पर्शाच्या जागी वितळतं. शुद्ध सोनं 1064 अंशांला वितळतं, म्हणून रवे गोलच राहतात. सांधा केसासारखा बारीक दिसला तर उत्तम. रव्यांच्या मधल्या फटी सोन्याने बुजलेल्या असतील तर डाक वापरला आहे. रोमचं कास्तेल्लानी घराणं एकोणिसाव्या शतकात इट्रुस्कन धाटणीचे दागिने करी. त्यांनी रवेकामासाठी सान्त'आंजेलो इन वादो या इटालियन गावातून कारागीर आणले, तरी सगळ्यात बारीक रव्यांपर्यंत तेही पोचले नाहीत. त्यांच्या दागिन्यांत खरे जुने स्कॅरॅब बसवलेले आहेत, त्यामुळे नवं सोनं आणि जुना दगड ही जोडी फसवणूकच असते असं नाही. कास्तेल्लानींचं काम म्हणून त्याला वेगळी किंमतही आहे.

आणखी एक नेहमीची भानगड. अठराव्या शतकातल्या संग्राहकांना चित्र हवं असे, किडा नको. म्हणून कित्येक स्कॅरॅब करवतून पाठ काढून टाकली आणि चित्राची चकती सपाट अंगठीत बसवली. चकतीच्या कडेला अर्धी कापलेली भोकाची पन्हळ दिसली, तर तो असा कापलेला स्कॅरॅब समजा. उलटही होतं: किडा अस्सल, पण खालची बाजू मुळात कोरी होती आणि चित्र गेल्या दोनशे वर्षांतलं.

आपल्याकडचे काही विक्रेते "हा हकीक भारतातून गेला" असं ठोकून देतात. इ.स. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भरूचच्या बंदराला असे दगड जात, असा उल्लेख आहे. पण तोवर इट्रुस्कन स्कॅरॅबचा काळ केव्हाच सरला होता. त्या उल्लेखाच्या जोरावर इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अंगठीला पैठणचा दाखला जोडता येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. इटलीत 1909च्या कायद्यापासून जमिनीतून निघालेली पुरावस्तू सरकारची. म्हणून वस्तू त्याआधी किंवा निदान पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या 1970च्या युनेस्को कराराआधी इटलीबाहेर होती, याचा छापील पुरावा मागा: जुनी लिलाव यादी, संग्रहाची नोंद, तारीख असलेला फोटो. "स्विस खाजगी संग्रह" एवढीच ओळ म्हणजे पुरावा नव्हे.

बोली लावण्याआधी लिलावघराला लिहा आणि एवढं मागा: बैठकीच्या चारही बाजूंचे फोटो, भोकाच्या दोन्ही तोंडांचे जवळून काढलेले फोटो, तिरप्या उजेडातली खालची बाजू, दात-डॉक्टर वापरतात तसल्या सिलिकॉनमध्ये घेतलेला ठसा, आणि खांद्यावरच्या तारेच्या वेढ्यांचा किमान 10 पट मोठा फोटो. दगडाला चीर असेल तर ठशाचा आग्रह धरू नका, सिलिकॉन ओढताना तुकडा निघतो. भोकाचे फोटो देता येत नाहीत असं उत्तर आलं, तर ती बोली सोडून द्या.