चैत्रातला पाला आंबटच असतो

प्रश्न : मावशी, नमस्कार. मार्डीकडचं एक शेतकरी कुटुंब दर रविवारी आम्हाला पालेभाजीची पिशवी घरपोच देतं. थंडीत मेथी, करडई, हरभऱ्याचा पाला असायचा, पोरं आवडीनं खायची. होळी झाल्यापासून मात्र चुका, घोळ, नाहीतर तांदुळजा. मेथी मागितली तर म्हणतात, ‘मेथीचे दिवस सरले, वहिनी.’ मंडईत तर मिळते. पिशवी बंद करावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बंद करू नका, ताई. तुमचा शेतकरी खरं बोलतोय.

मेथी थंडीची. फाल्गुनात ऊन चढलं, दिवस मोठा झाला की ती पान वाढवायचं सोडून फुलावर येते. मग दांडा निबर आणि पान कडू. नान्नजच्या वाटेवर आमचा दीड एकराचा मळा आहे, सगळा विहिरीच्या पाण्यावर. एका वर्षी सासूबाई नको म्हणत असताना मी फेब्रुवारीच्या शेवटी तीन वाफे मेथी टाकली. एक दिवसाआड पाणी दिलं. रोपं वीतभर झाली नाहीत तोच फुलं दिसली. मंडईत व्यापाऱ्यानं पेंडी हातात घेतली, वास घेतला आणि परत ठेवली. इकडे विहीर खाली गेली ती गेलीच. तेवढ्या पाण्यात तांदुळजा दोनदा कापून झाला असता. तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही मेथी टाकत नाही. मंडईत आता दिसते ती शेडनेटखालची असते किंवा लांबून आलेली.

आपल्याकडे थंडीचा पाला कडवट आणि उग्र, उन्हाळ्याचा आंबट. चुका आंबट, घोळ आंबट, चिंचेची पालवी आंबट. चाळीस अंशांच्या उन्हात भाकरीबरोबर जिभेला हेच हवं असतं. पोरांना ही चव नवी आहे, एवढंच. थोड्या युक्तीनं करा, खातील.

घोळाचंच घ्या. पाणी कमी पडलं की घोळ दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो. रात्रभर आत घेतलेली हवा तो आम्लाच्या रूपात साठवतो, दिवसा उन्हात ते आम्ल वापरून टाकतो. म्हणून पहाटे खुडलेला घोळ चांगलाच आंबट लागतो आणि संध्याकाळी खुडलेला सौम्य. माझी नात पहिल्यांदा घोळ खाऊन तोंड वाकडं करायची. मी संध्याकाळचा खुडून दिला, तर ताट पुसून खाल्लं. तुमच्या शेतकऱ्याला सांगा, शनिवारी दिवस कलल्यावर घोळ काढून ठेव. त्याला काही जड नाही. आणि घोळ जमिनीलगत पसरतो, माती पानांत बसते, तेव्हा तीन पाण्यांनी धुवा.

चुक्याची पातळ भाजी अशी करा. अर्धी वाटी तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे आधी वेगळे शिजवून घ्या. चुका डाळीत सुरुवातीलाच घातला तर आंबटपणामुळे डाळ लवकर मऊ होत नाही, दाणा दाणा राहते, आणि मग लोक डाळीला नावं ठेवतात. दोन पेंड्या चुका चिरून वेगळ्या वाफवा, त्यात डाळ-दाणे घाला, दोन चमचे ज्वारीचं पीठ लावून रवीनं घोटा. गुळाचा खडा, मीठ, हिरवी मिरची. वरून लसणाची फोडणी, लसूण लाल होईपर्यंत थांबून. साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवू नका, आंबट पदार्थ त्या धातूला खातो. स्टील किंवा मातीचं भांडं बरं. बरोबर ज्वारीची भाकरी, मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर फार उत्तम.

तांदुळज्याला काही करावं लागत नाही. कांदा, लसूण, शेंगांचा कूट. झाकण ठेवू नका.

पिशवी आली की भाजी धुऊन ठेवायची नाही. पिवळी पानं काढा, पेंडीचा दोरा सोडा, ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळा. बांधलेली पेंडी आतून गरम होते आणि मधूनच सडते. घोळ आणि चुका रविवारी-सोमवारीच संपवा, तांदुळजा मंगळवारपर्यंत चालतो.

प्रश्न : सासऱ्यांना मुतखडा झाला होता. त्यांना चुका, घोळ द्यावा का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : आधी डॉक्टरांना खडा कशाचा होता ते विचारा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि चुका, घोळ, पालक, तांदुळजा या सगळ्यांत ऑक्झलेट भरपूर. खडा तसाच असेल तर या भाज्या टाळलेल्या बऱ्या. डॉक्टरांनी थोडी चालेल म्हटलं, तर भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्या आणि जेवणात दही ठेवा. दह्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरतं. त्यांना हिरवं हवंच असेल तर कांद्याची पात झुणक्यात घालून द्या.

प्रश्न : अंगणातल्या चिंचेला गुलाबी कोवळी पालवी फुटली आहे. ती खातात म्हणे?
– एक वाचक, होटगी

उत्तर : खातात तर! सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली बायका तिला चिंता चिगुरू म्हणतात आणि वरणात घालतात. मी तिथल्याच एका मैत्रिणीकडून शिकले. पालवी अगदी कोवळी असतानाच ओरबाडायची, पान हिरवं आणि ताठ झालं की चोथा लागतो. दोन तळव्यांत हलकं चोळलं की काड्या वेगळ्या होतात. त्या पाखडून टाका. मूठभर पाला तेलावर परतून शिजलेल्या तूरडाळीत घाला, लाल मिरची आणि लसणाची फोडणी द्या. चिंच घालायची गरज नाही. जास्त असेल तर सावलीत वाळवून बरणीत भरा, पावसाळ्यात काढा. फक्त फांदीच्या टोकाची सगळी पालवी ओढू नका, त्या झाडाला यंदा चिंचाही धरायच्या आहेत.