‘टेन्शन’ हा शब्द आला कुठून आणि त्याचे नेमके अर्थ काय?

मूळ लॅटिन ‘तेंदेरे’, म्हणजे ताणणे. तिथून इंग्रजीमार्गे आपल्याकडे. आपला ‘ताण’ संस्कृत ‘तन्’ धातूचा, आणि हे दोन्ही धातू एकाच प्राचीन मुळातले. तेव्हा टेन्शनला परका म्हणून हाकलणाऱ्यांशी माझं पटत नाही.

मुंबईत त्याचे अर्थ भलतेच पसरलेत. दहावीच्या निकालाचं टेन्शन येतं, भाडेकरार संपत आला की घरमालक ते देतो, आणि दादरला गाडी चुकली की सोबतचा म्हणतो, “टेन्शन नको घेऊ रे, मागून स्लो येतेय.” इंग्रजीत हे असं घेणं-देणं चालत नाही. (रेल्वेच्या वायरीचं ‘हाय टेन्शन’ वेगळं, तो विजेचा दाब, लोकलसाठी २५,००० व्होल्ट.) ‘काळजी’ हा पर्याय अर्धाच चालतो, कारण ‘काळजी घे’ म्हटलं की अर्थच बदलतो.