लॉकडाऊन लागला तरी मुलीची कॅप्सूल बंद नको

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी आता 14 वर्षांची आहे, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), एसएस म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. 2020 मधे लॉकडाऊन लागला तेव्हा आमचा एरिया सील झाला, गल्लीला पत्रे लावले, आणि तिची हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल संपली. जवळच्या दवाखान्याची ओपीडी बंद होती आणि मोठ्या हॉस्पिटलात जायची मलाच भीती वाटत होती, तिथूनच कोरोना घेऊन आलो तर? दोन महिने औषध बंद राहिलं. मग एका रात्री तिचे हातपाय अन् कंबर असे दुखून राहिले होते की शेवटी ॲडमिट करावं लागलं. आता कुठं नवीन साथीची बातमी आली की पोटात गोळा येतो. माझंच चुकलं काय? पुढच्या वेळी काय करू?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्यासारख्या कितीतरी आया तेव्हा अशाच अडकल्या होत्या. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलात कोविडचे पेशंट, बस बंद, पोलीस अडवणार, मग घरी थांबणंच बरं वाटणार ना. स्वतःला दोष देऊ नका. पण पुढच्या वेळेची तयारी आत्ताच करू.

हायड्रॉक्सियुरिया दुखायला लागल्यावर घ्यायचं औषध नाही. रोज घेत राहिलं की काही महिन्यांत रक्तात एचबीएफ (गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन) वाढतं, त्यामुळे तांबड्या पेशी कमी वाकड्या होतात आणि क्रायसिस (अचानक उठणाऱ्या तीव्र वेदना) कमी येतात, बंद केलं की तो फायदा हळूहळू ओसरतो. म्हणून डॉक्टरांना विचारून घरात नेहमी एक महिन्याचा जास्तीचा साठा ठेवा, जुना आधी वापरा. साथीत दवाखाना बंद असला तरी फोन आहे. टेलिमेडिसिनचे नियम 25 मार्च 2020 ला आले, म्हणजे देशभर लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, आणि त्यानुसार तुमचे नेहमीचे डॉक्टर फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर चालू औषधाची चिठ्ठी परत देऊ शकतात. सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) मात्र फोनवर होत नाही, हे औषध पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी करू शकतं, त्यामुळे घरी येऊन सँपल नेणारी लॅब कोणती ते आधीच बघून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर साथ असो नसो, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच हॉस्पिटल गाठा. एसएसच्या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधं वाटणारं इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरू शकतं. पॅरासिटामॉल द्या पण ताप उतरतो का ते बघत बसू नका. आणि तेव्हा गेटवर ताप म्हटलं की थेट कोरोनाच्या लाइनीत उभं करायचे, पुढच्या साथीत तसं झालं तर पहिलं वाक्य हेच बोला, हिला सिकलसेल आहे. टेस्ट करू द्या, पण अँटिबायोटिक त्या रिपोर्टसाठी थांबायला नको.

रक्ताचंही ध्यानात ठेवा. लॉकडाऊनमधे रक्तदान शिबिरं बंद पडली आणि ब्लड बँकेत बॅग मिळणं अवघड झालं. तिच्या ग्रुपचे दोनतीन नातेवाईक कोण, त्यांचे नंबर आत्ताच लिहून ठेवा. पाणी भरपूर पाजा, आपल्याकडं मे महिन्यात 45 पर्यंत पारा जातो, शरीरातलं पाणी कमी झालं की क्रायसिस येतोच येतो असं नाही पण धोका नक्की वाढतो. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लस राहिली असेल तर तेही विचारा.

आणि एका कागदावर निदान, डोस, ब्लड ग्रुप, आधी कधी रक्त चढवलं आणि तिचं नेहमीचं हिमोग्लोबिन किती, हे डॉक्टरांकडून लिहून सही घ्या. ही मुलं सातआठ हिमोग्लोबिनवरही रोजचं चालूफिरू शकतात, ओळख नसलेल्या डॉक्टरला ते माहीत नसेल तर तो घाईनं रक्त चढवायला निघतो. कागदाचा फोटो तुमच्या फोनमधे ठेवा, आणि मुलीच्याही हातात द्या, 14 वर्षांची आहे, तिला स्वतःला हे सांगता यायला हवं.