'चेक'ची घरे

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. फळ्यावर 'चेक' हा शब्द लिहून मी मुलांना त्याचा अर्थ विचारला, तेव्हा वर्गातून चार निरनिराळी उत्तरे आली : तपासणे, बँकेचा कागद, चौकड्यांचे कापड आणि बुद्धिबळातला शह. हे वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसू लागले आहेत, की एकाच शब्दाला इतके अर्थ फुटले आहेत? शब्द एकच असेल, तर तपासण्याचा आणि चौकडीचा एकमेकांशी काय संबंध?

उत्तर : चारही अर्थ एकाच शब्दाचे आहेत, आणि तुमच्या वर्गातून शेवटी आलेला शहाचा अर्थ त्यांत सर्वांत जुना आहे. बाकीचे सारे अर्थ बुद्धिबळाच्या पटावरून बाहेर पडले. मराठी वाचकाला याचा विशेष आनंद वाटावा असे कारण आहे : आपला 'शह' आणि इंग्रजीतला 'चेक' हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचा जन्म 'शाह' म्हणजे राजा या फारसी शब्दापासून झाला. आपल्याकडे तो फारसीतून थेट आला, म्हणून त्याचा चेहरा ओळखू येतो; इंग्रजीत तो अरबी, लॅटिन आणि फ्रेंच असा लांबचा प्रवास करून पोहोचला, म्हणून तो ओळखू येत नाही.

हा प्रवास असा झाला. 'चतुरंग' हा खेळ भारतातून इराणात गेला, तिथे त्याचे नाव 'चतरंग' झाले आणि अरबांनी त्याला 'शतरंज' म्हटले. प्रतिपक्षाच्या राजावर मारा आला की खेळाडू 'शाह' असे म्हणून त्याला सावध करीत असे. खेळ युरोपात गेल्यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज या भाषांनी त्याचे अरबी नावच घेतले. इतर अनेक भाषांनी मात्र पटावर वारंवार कानी पडणारा तो इशारा उचलला आणि त्यालाच खेळाचे नाव केले. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'शाह'चे 'स्काकुस' झाले, म्हणजे शेवटच्या हकाराच्या जागी ककार आला. त्यापासून इटालियन 'स्काक्की' आणि जुने फ्रेंच 'एस्चेक' निघाले. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही तिथल्या दरबाराची आणि न्यायालयांची भाषा झाली, आणि 'एस्चेक'चा आरंभीचा भाग गळून इंग्रजीत 'चेक' उरला. खेळाचे 'चेस' हे इंग्रजी नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून आले आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'चेस' म्हणजे 'अनेक चेक'. वर्गात हे सांगितले तर मुलांच्या कायमचे लक्षात राहील.

पुढे या शब्दाच्या दोन वाटा झाल्या. एक वाट शहाच्या चालीपासून निघाली आणि दुसरी पटावरच्या घरांपासून. तुमच्या प्रश्नातले कोडे या दोन वाटा वेगळ्या केल्या की सुटते.

पहिली वाट अशी. राजाला शह बसला की खेळाडूला मनातला डाव बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावे लागते. जोरात चाललेली गती एकाएकी थांबते. याच अनुभवावरून 'चेक' म्हणजे अडवणूक, अटकाव, आवर घालणे हा अर्थ चौदाव्या शतकात रूढ झाला, आणि मग शिकारी कुत्र्यांना वास सापडेनासा होऊन ती थबकली तरी त्याला 'चेक' म्हणू लागले. राज्यव्यवस्थेविषयी बोलताना आपण 'चेक्स अँड बॅलन्सेस' हा शब्दप्रयोग ऐकतो, त्यातला 'चेक' हाच आहे. एका सत्तेने दुसऱ्या सत्तेला घातलेला आवर, असा त्याचा अर्थ. मराठीतला 'शह' येथवर त्याच्या सोबतच चालला आहे, कारण राजकारणातले 'शह-काटशह' किंवा 'त्याच्या महत्त्वाकांक्षेला शह दिला' ही वाक्ये आपणही सहज बोलतो. 'शह' तिथेच थांबला. 'चेक' पुढे गेला.

अडवण्यापासून तपासण्यापर्यंतचा टप्पा वरवर पाहता लांबचा वाटतो. पण चूक किंवा लबाडी पुढे जाऊ नये म्हणून तिला वाटेतच अडवायचे, हाच तपासणीचा हेतू असतो, हे ध्यानात घेतले की दोन अर्थांमधले अंतर मिटते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एक नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहणे या अर्थाने हे क्रियापद दिसू लागते. याच्या शेजारी 'कंट्रोल' हा शब्द ठेवून पाहावा. मूळ हिशेबाच्या गुंडाळीची प्रत म्हणून जी दुसरी गुंडाळी ठेवली जाई, तिच्या नावापासून तो शब्द तयार झाला. म्हणजे तिथे ताडून पाहण्याच्या साधनातून नियंत्रणाचा अर्थ निघाला, तर 'चेक'मध्ये नियंत्रणातून ताडून पाहण्याचा. दोन शब्द एकाच रस्त्यावरून उलट दिशांनी चालले आहेत, आणि म्हणूनच हा अर्थबदल ओढूनताणून जुळवलेला वाटत नाही.

दुसरी वाट पटाची, आणि मला ती अधिक मोहक वाटते. लॅटिनमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'स्काकारिउम' म्हणत. त्याचे फ्रेंच रूप इंग्लंडमध्ये आले आणि त्याचे दोन शब्द झाले. एक 'चेकर', म्हणजे पटासारखी चौकड्यांची नक्षी. तोच आखडून 'चेक' झाला, आणि 'चेक्सचा शर्ट' म्हणताना आपल्या तोंडी तोच शब्द असतो. दुसरा 'एक्स्चेकर', म्हणजे राजाचा खजिना. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात, म्हणजे शब्दशः पाहिले तर तो बुद्धिबळाच्या पटाचा मंत्री ठरतो.

खजिन्याला पटाचे नाव का मिळाले, हे सुदैवाने त्या काळातल्याच एका जाणत्या माणसाने लिहून ठेवले आहे. दुसऱ्या हेन्री राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० नंतरच्या दशकात गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात शिष्य हाच प्रश्न विचारतो आणि गुरू त्याला सविस्तर उत्तर देतो. हिशेबाचे मेज सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असे, आणि वर मांडलेल्या चकत्या खाली पडू नयेत म्हणून त्याच्या कडा चार बोटे उंच असत. त्यावर काळे कापड अंथरीत आणि त्या कापडावर ठरावीक अंतराने रेघा आखलेल्या असत. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड असे स्तंभ ठरलेले होते, आणि त्या त्या स्तंभात चकत्या मांडून बेरीज-वजाबाकी करीत. रोमन अंकांनी आकडेमोड करणे जिकिरीचे असल्यामुळे हे मेज म्हणजे त्या काळचे गणकयंत्रच होते. वर्षातून दोनदा प्रत्येक परगण्याचा शेरीफ या मेजासमोर वसुलीचा हिशेब द्यायला बसे. फिट्झनील नुसत्या रेघांच्या साम्यावर थांबत नाही. पटावर जशी दोन पक्षांत लढाई चालते, तशीच इथे प्रामुख्याने खजिनदार आणि शेरीफ यांच्यात चालते, असेही तो सांगतो. कापडाचे रूप आणि समोरासमोरची झुंज अशा दोन्ही गोष्टी त्या नावात त्याला दिसत होत्या. शब्दाची व्युत्पत्ती त्या शब्दाच्या घरातच बसून कोणी सांगावी, असा योग फार क्वचित येतो.

तेव्हा तपासणे आणि चौकडी यांचा संबंध बापलेकाचा नसून चुलतभावांचा आहे. पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळाचे नाव 'शतरंज'वरून पडले असले, तरी तोच शब्द चौकड्यांच्या नक्षीलाही वापरतात. त्यावरून पटाच्या घरांची छाप माणसाच्या डोळ्यांवर किती पक्की बसते, हे कळते.

प्रश्न : बँकेच्या चेकचे स्पेलिंग काही ठिकाणी 'सी-एच-ई-सी-के' असे आणि काही ठिकाणी 'सी-एच-ई-क्यू-यू-ई' असे दिसते. यांतले शुद्ध कोणते? आणि ज्या कागदाने पैसे मिळतात, त्याला अडवणुकीचे नाव का?

उत्तर : दोन्ही शुद्ध आहेत. पहिले अमेरिकेत चालते, तर दुसरे ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिश वळणाची इंग्रजी लिहिणाऱ्या देशांत. जुने रूप पहिलेच आहे. दुसरे रूप 'एक्स्चेकर'च्या स्पेलिंगच्या प्रभावाने घडले, म्हणजे चालीच्या वाटेवरचा शब्द पटाच्या वाटेवरच्या भावाचे कपडे घालून उभा राहिला. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे बँकर जेम्स विल्यम गिलबार्ट यांनी बँकव्यवहारावरच्या आपल्या पुस्तकात हेच रूप पसंत केले. त्याने अर्थाचा घोटाळा टळतो आणि राजाच्या खजिन्याच्या नावाशी ते जुळते, अशी कारणे त्यांनी दिली. पहिले कारण मला आजही पटते. एकाच शब्दाने इतकी कामे पत्करली असताना पैशाच्या कामाला वेगळे स्पेलिंग मिळाले, तर वाचणाऱ्याची सोयच होते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मर्माचा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी 'चेक' हे नाव पैसे देण्याच्या कागदाला नव्हतेच. ते त्याच्या स्थळप्रतीला होते. कागदाचा एक भाग धारकाकडे जाई आणि दुसरा जपून ठेवला जाई. कोणी रक्कम वाढवून किंवा बनावट कागद घेऊन आला, तर जपलेल्या भागाशी ताडून ती लबाडी पकडता येत असे. लबाडीला शह देणारा तुकडा म्हणून तो 'चेक'. पुढे असे अर्धुक असलेल्या कागदाला, आणि मग त्या कागदावर लिहिलेल्या आज्ञेलाच ते नाव चिकटले. मराठीतला 'धनादेश' हा शब्द त्या कागदाचे काम सांगतो, तर 'चेक' हा त्याची राखण सांगतो. अमेरिकेत प्रवासात सामान ठेवून घेताना जो बिल्ला देतात, त्यालाही 'चेक' म्हणतात, आणि त्यामागे हीच ताडून पाहण्याची कल्पना आहे. 'चेक-इन' आणि 'चेक-आउट' हे नोंदीच्या अर्थाचे शब्दही याच घरचे. फ्रेंच भाषेने तर इंग्रजीकडून हा शब्द 'शेक' या रूपात परत घेतला. त्यामुळे आज त्या भाषेत 'एशेक' म्हणजे शह आणि अपयश, तर 'शेक' म्हणजे बँकेचा कागद, असे एकाच कुळातले दोन शब्द शेजारी नांदतात.

प्रश्न : 'चेकमेट'मधला 'मेट' हा मित्र या अर्थाच्या 'मेट'शी संबंधित आहे का?

उत्तर : नाही. मित्र या अर्थाचा 'मेट' जर्मन कुळातल्या भाषेतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'एकत्र जेवणारा' असा आहे. 'मीट' म्हणजे मांस हा इंग्रजी शब्द त्याच्या नात्यातला आहे, कारण जुन्या काळी तो सर्व प्रकारच्या अन्नाला वापरीत. 'चेकमेट' मात्र 'शाह मात' या फारसी शब्दांचे रूपांतर आहे, आणि रशियनमध्ये तर 'शाखमाती' हे सबंध खेळाचेच नाव झाले. त्याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी 'राजा मेला' असा दिलेला आढळतो, कारण अरबीत 'माता' म्हणजे 'तो मेला'. फारसीत 'मात' म्हणजे निरुपाय झालेला, जागीच खिळलेला. मला हा दुसरा अर्थ खरा वाटतो, कारण तो खेळाच्या नियमाशी तंतोतंत जुळतो : बुद्धिबळात राजाला कधीच मारीत नाहीत, त्याला हलायला एकही सुरक्षित घर उरले नाही की डाव संपतो. 'संकटावर मात केली' असे लिहिताना आपण वापरतो तो 'मात' हाच शब्द आहे. म्हणजे 'चेकमेट'चे दोन्ही भाग मराठीत आधीपासून आहेत, आणि 'शह' व 'मात' हे जोडीने लिहिले की 'चेकमेट'चा मूळ उच्चार आपण इंग्रजांपेक्षा शुद्ध करतो.

प्रश्न : मग चेक प्रजासत्ताक या देशाचे नाव?

उत्तर : त्याचा या कुळाशी काही संबंध नाही. देवनागरीत दोन्ही शब्द सारखे लिहिले जातात, एवढाच योगायोग. ते स्लाव्ह लोकांच्या एका समूहाचे नाव आहे, आणि या लोकांचा मूळ पुरुष 'चेख' नावाचा होता अशी तिथली दंतकथा सांगते. त्या लोकांच्या भाषेत नावाच्या शेवटी ककार नसून घशातून काढलेला 'ख' आहे. इंग्रजीने पोलिश भाषेतले स्पेलिंग जसेच्या तसे उचलले, म्हणून त्या नावाचा आरंभ इंग्रजीत 'सी-झेड' असा होतो आणि उच्चार मात्र 'चेक' असा करतात.